न पाडलेलं भोक

लीलाधरला कुणी मेकॅनिक म्हटलेलं चालत नसे. ‘मिस्तरी म्हणा. मेकॅनिक पार्ट बदलतो, मिस्तरी वस्तू नीट करतो,’ असं तो गिऱ्हाइकाला तोंडावर सुनवायचा, आणि गिऱ्हाईकही हसून ऐकून घ्यायचं. फैजपूरच्या अलीकडच्या त्या गावात हायवेला लागून त्याचं पत्र्याचं दुकान होतं. बत्तीस वर्षं तो सायकली नीट करत होता. आता सायकली राहिल्या होत्या कितीशा! म्हणून केळीवर मारायचे फवारणी पंप, पिठाच्या गिरणीचे पट्टे, शाळेची घंटा, पुढ्यात येईल ते तो नीट करी. त्याच्या कलेचं गुपित एकच होतं. जुन्या ट्यूबची पट्टी. कॅरियर हलतंय? घाल पट्टी. पंपाचा दांडा खुळखुळतो? घाल पट्टी. गावातल्या निम्म्या वस्तू लीलाधरच्या पट्टीवर उभ्या आहेत असं लोक चेष्टेनं म्हणत. आपला लीलाधर ती चेष्टा पदक मिळाल्यासारखी मिरवी.

त्याचा पुतण्या ललित सव्वीस वर्षांचा होता आणि केळी पॅकिंगच्या शेडवर कामाला जायचा. शेड नऊ किलोमीटरवर, हजेरी सहाला, आणि पहिली एसटी पावणेसातला. त्याच्या वयाची पोरं मोटारसायकलवरून भुर्रकन जात आणि हा पायडल मारत, घाम पुसत मागून येई. पैसे नव्हते असं नाही. ललितचा बाप, म्हणजे लीलाधरचा थोरला भाऊ, अकरा वर्षांपूर्वी त्याच हायवेवर मोटारसायकलवरून जाताना ट्रकखाली गेला होता. तेव्हापासून कुंदाबाईनं, ललितच्या आईनं, पोराला गळ्याची शपथ घातली होती. या घरात मोटारसायकल येणार नाही. पोरानं ती पाळली होती. बापाचीच सायकल तो चालवत होता.

मग त्याला मोबाइलवर ते किट दिसलं. पायडलच्या सायकलला बसवायचं छोटं इंजिन, टाकी, सायलेन्सर, जादा चेन, सगळं एका खोक्यात. नवरात्रात खोकं घरी आलं. कुंदाबाईनं ते उघडलेलं पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

कुंदाबाई माहेरची अमळनेरकडची. तीस वर्षं या मुलखात काढली तरी मनाला लागेल असं काही झालं की तिची जीभ माहेरी जायची. ती म्हणाली, “हाई मोटारसायकलच शे. नाव फक्त दुसरं शे.”

“वहिनी, सायकल ते सायकल,” लीलाधर म्हणाला. “पायडल हाये, घंटी हाये. माणूस धावला तर बरोबरीनं धावीन इतकीच पळते. मी बसवतो ना! जबाबदारी माही.”

हा शब्द त्यानं दिला, तोही छातीवर हात ठेवून. कुंदाबाईनं त्या हाताकडे पाहिलं आणि ती गप्प झाली. दिराच्या हातावर तिचा विश्वास होता, आणि का नसावा? नवरा गेल्यावर तिचं घर त्याच हातांनी सावरलं होतं.

दोन दिवस लीलाधर त्या सायकलीत बुडालेला होता. मधल्या तिकोनात इंजिन बसलं. वरच्या नळीवर टाकी बसली. फवारणी पंपासारखंच पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं होतं, त्यामुळे तो भाग त्याला पाठ होता. मागच्या चाकाला डाव्या अंगानं दातेरी चक्र बसलं, त्यावरून दुसरी चेन आली. येणारा जाणारा थांबून बघे, आणि लीलाधर न विचारता समजावून सांगे. एरवी दुकानात शिळा पेपर वाचत बसणाऱ्या माणसाला एवढे प्रेक्षक म्हणजे चैनच होती. तोंडानं “सरका रे, उजेड येऊ द्या” म्हणायचा, पण कुणी सरकू नये असंही त्याला वाटायचं.

दसऱ्याच्या सकाळी एकच काम राहिलं. नवी चेन सैल पडू नये म्हणून तिला ताणून धरणारी एक छोटी पुली होती. ती मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या नळीला कड्यानं आवळायची. ललितनं किटबरोबर आलेला कागद वाचून दाखवला.

“काका, नुसतं कडं आवळून नई चालत म्हणे. नळीले भोक पाडून आरपार बोल्ट टाकायचा. नई तं कडं फिरते अन् पुली चाकात जाते.”

“कळते मले. तू जाय, तुह्या दोस्तांले बलाव. पाच वाजता चालू करू. लोक सोनं वाटाले निघतीन, तवा पाहतीन तं खरे.”

ललित गेला. लीलाधर भोक पाडायला उठला आणि जागीच थांबला. ड्रिल मशीन पाटावर होतं. सकाळीच आंघोळ करून त्यानं सगळी हत्यारं पाटावर मांडली होती. हातोडी, पक्कड, ऐरण, ड्रिल. प्रत्येकाला हळदकुंकू लावलेलं, वर झेंडूचं फूल. दसऱ्याला पुजलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी आंघोळ झाल्याशिवाय उचलायचं नाही, ही त्याच्या बापाची रीत होती. बत्तीस वर्षांत ती त्याच्याकडून एकदाही मोडली नव्हती. सायकलीचं थोडं काम उरलंय म्हणून एक पाना तेवढा त्यानं पूजेबाहेर ठेवला होता. भक्तीत इतपत सवलत त्यानं आधीच काढून ठेवली होती. ड्रिलची आठवण मात्र राहिली नव्हती.

त्यानं ड्रिलकडे पाहिलं. फूल जरा बाजूला सरकवलं असतं तर कोण बघणार होतं? पण हात पुढं होईना. मग काम उद्यावर टाकायचं? पाचला तर सगळं गाव येणार. शेवटी त्यानं बत्तीस वर्षांत जे केलं तेच केलं. कापून ठेवलेली जुन्या ट्यूबची पट्टी घेतली, नळीभोवती दोन वेढे दिले, वरून कडं चढवलं आणि सगळा जोर लावून पान्यानं आवळलं. हलवून पाहिलं. तसूभरही हललं नाही. उद्या सकाळी भोक पाडू, एका दिवसानं काय होतंय, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

ललित परत आला. त्यानं विचारलं, “काका, भोक पाडलं ना?”

“झालं सगळं,” लीलाधर म्हणाला.

दोनच शब्द होते. उद्या खरे करायचेच होते, म्हणून त्याला ते खोटे वाटले नाहीत.

पाचला चौकात माणूस मावेना. गाडी नवी, तेव्हा पूजा आलीच. घरात पूजेला सवाशीण नव्हती. लीलाधरची बायको चारुलता पोरीच्या, मोनालीच्या बाळंतपणाला भुसावळला गेली होती. कुणीतरी म्हणालं, शेजारची बोलवा. तेव्हा लीलाधर सगळ्यांदेखत म्हणाला, “शेजारची काहून? पोराची माय हाये ना उभी! या वहिनी, तुम्हीच करा. आपण नई मानत हे असलं.”

कुंदाबाई मागं सरली. “नको भाऊजी. मी नको.”

“मी सांगतो ना!”

अकरा वर्षांनी तिनं कुंकवाच्या करंड्यात बोट घातलं. ते बोट थरथरत होतं हे सगळ्यांनी पाहिलं. टाकीवर तिनं स्वस्तिक काढलं, हँडलला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. आपण किती पुढारलेले आहोत या विचारानं लीलाधरचा ऊर भरून आला होता. ललितनं पायडल मारत क्लच सोडला, इंजिन फटफटलं, जुन्या मोपेडसारखा निळा धूर निघाला आणि पोरांनी शिट्ट्या मारल्या. कुंदाबाईच्या डोळ्यांना पाणी आलं, पण ती हसत होती. ती अशी हसलेली लीलाधरनं फार दिवसांत पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ललित पहाटेच शेडवर गेला. तिसऱ्या दिवशीही. संध्याकाळी आला की सायकलीभोवती पोरं जमत, प्रत्येकाला एक चक्कर हवी असे. लीलाधर ओट्यावर बसून कौतुक ऐके. भोकाची आठवण त्याला रोज एकदा येई आणि रोज काही ना काही निमित्तानं जाई. चालतेय तर चांगली, असं तो म्हणे.

चौथ्या दिवशी सकाळी नाल्याच्या पुलाच्या उतारावर ललितचं मागचं चाक एकाएकी जाम झालं आणि तो हँडलवरून पुढं फेकला गेला. नशिबानं मागून काही येत नव्हतं. केळीच्या ट्रॅक्टरवाल्यानं त्याला उचललं. उजव्या हाताची दोन्ही हाडं मोडली होती. जळगावला नेऊन ऑपरेशन झालं, आत पट्टी टाकावी लागली. डॉक्टर म्हणाले, डोकं वाचलं हेच खूप.

लीलाधर टेम्पो घेऊन सायकल आणायला गेला. पुलावर तो एकटाच होता. वाकून पाहिलं तर जे कागदात लिहिलं होतं तेच झालं होतं. कडं नळीवर फिरलं होतं, पुली आऱ्यांमध्ये शिरली होती, आठ आरे तुटले होते. आणि ती पट्टी तेलानं माखून, निसटून नळीवरून लोंबत होती. इंजिनच्या हादऱ्यात आणि उडणाऱ्या तेलात रबर टिकणार कसं? कॅरियर वेगळं आणि इंजिन वेगळं, हे बत्तीस वर्षांच्या मिस्तरीला कळायला हवं होतं.

त्यानं पट्टी ओढून काढली आणि पुलावरून खाली नाल्यात टाकली. असं काही करायचं त्यानं ठरवलं नव्हतं. हातानं ते केलं आणि मग त्याला कळलं की आपण हे केलं. एवढ्यात दोन शेतकरी येऊन थांबले. “कसं झालं भाऊ?”

“काय सांगावं,” लीलाधर म्हणाला. “चाक जाम झालं.”

यातही खोटं काही नव्हतं. चाक जामच झालं होतं.

ललित दवाखान्यातून घरी आला त्या दिवशी ओट्यावर बायाबापड्यांची गर्दी झाली. लीलाधरची थोरली बहीण इंदूअक्का सावद्याहून आली होती. तिचा शब्द घरात शेवटचा. भाचा सुखरूप पाहून तिनं त्याच्यावरून मीठमोहऱ्या उतरवल्या, चहाचा घोट घेतला आणि विचारलं, “गाडीची पूजा कोनं केल्ती?”

सगळ्यांच्या नजरा दाराकडे वळल्या. कुंदाबाई दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

“तरीच,” इंदूअक्का म्हणाली. “जिचं सोताचंच कुकू त्या रस्त्यावर गेलं, तिनं गाडीले हात लावाव का? अरे, पोरगं वाचलं हेच पाय.”

लीलाधर तिथंच बसला होता, हातात कप धरून. त्या वेळी एक वाक्य पुरलं असतं. ‘अक्का, पूजेचा काही संबंध नाही, कडं मी नीट बसवलं नाही.’ ते वाक्य त्याच्या जिभेवर आलंही. पण समोर पाच-सहा गिऱ्हाइकं बसलेली होती आणि ललित खाटेवर पडल्या पडल्या ऐकत होता. ‘झालं सगळं,’ असं ज्याला सांगितलं तो ललित. लीलाधरनं कपात पाहिलं. चहावर साय धरली होती, ती त्यानं बोटानं बाजूला केली. मान वर केली तेव्हा दारात कुंदाबाई नव्हती.

त्या दिवसापासून कुंदाबाईनं आपला हात आखडता घेतला. कुणी सांगितलं नव्हतं, तिचं तिनंच ठरवलं. ललितचं ताट ती वाढायची नाही, चारुलताला सांगायची. चारुलता मोनालीला तिच्या सासूवर सोपवून परत आली होती. ललित कुठं निघाला की कुंदाबाई आतल्या खोलीत जाई, समोर येत नसे. ललित चिडायचा, “आई, वेडी झाली का तू?” तर ती म्हणायची, “तुले काय समजस? गप ऱ्हाय.”

लीलाधर हे सगळं पाहत होता. लाज ही गोष्ट त्यानं आजवर दुसऱ्यांच्या चेहऱ्यावर पाहिली होती. आता ती त्याच्या पोटात येऊन बसली होती आणि जेवण खाली उतरू देत नव्हती. एकदा तो मनाचा हिय्या करून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला. कुंदाबाई ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होती.

“वहिनी.”

“काय भाऊजी?”

तिनं ज्या आपुलकीनं मान वर केली, त्यानं त्याची जीभ लुळी पडली. “पाणी,” तो म्हणाला. तिनं पाणी दिलं. तो ते प्यायला आणि परत दुकानात जाऊन बसला. आपल्यासारखा भेकड माणूस या पंचक्रोशीत नाही, हे त्याला त्या दिवशी पुरतं कळलं.

नरक चतुर्दशीची सकाळ आली. दरवर्षी त्या दिवशी कुंदाबाई पोराला पाटावर बसवून तेल-उटणं लावी. पोरगा सव्वीसचा झाला तरी तिचा हा हट्ट होता. या वर्षी तिनं वाटी चारुलताच्या हाती दिली. “तू लाव वं. मना हात नको.” ललित प्लास्टरचा हात पिशवीत गुंडाळून पाटावर बसला होता. तो आईकडे पाहत राहिला. चारुलता तेल लावत होती आणि कुंदाबाई मोरीच्या भिंतीआड उभी राहून ऐकत होती. तिला दिसत नव्हतं, पाण्याचा आवाज तेवढा येत होता. लीलाधर अंगणात दात घासत होता. त्याला वाटलं, आपण माणूस म्हणवून घ्यायला नालायक आहोत. त्यानं चूळ भरली, तोंड पुसलं, आणि तरीही काही बोलला नाही.

भाऊबीजेनंतरच्या रविवारी ललितचा साखरपुडा होता, धुळ्याला, मुलीच्या घरी. मुलगी मयुरी कुंदाबाईनंच माहेरच्या ओळखीतून पाहिलेली. रीतीप्रमाणे मुलीला पहिलं कुंकू मुलाच्या आईनं लावायचं. ती विधवा असली तरी आजकाल बऱ्याच घरांत लावू देतात, आणि मयुरीच्या घरच्यांनी तसं आधीच कळवलंही होतं. पण अपघाताची आणि पूजेची गोष्ट धुळ्यापर्यंत पोचली होती. इंदूअक्कानं निघायच्या आदल्या दिवशी फर्मान काढलं, कुंकू चारुलता लावेल. कुंदाबाई म्हणाली, “मी येतंच नही.” ललितनं तिला हात जोडले तेव्हा कुठं ती आली, तीही सगळ्यांच्या मागं बसायच्या अटीवर.

धुळ्याला गच्चीवर मांडव घातला होता. मयुरीचा मामा वना मोठ्या आवाजाचा, मोठ्या मनाचा माणूस. त्यानं सगळ्यांना हाताला धरून बसवलं. कुंदाबाई जिन्याजवळ चपलांच्या रांगेला लागून बसली, मांडीवर सगळ्यांच्या पिशव्या घेऊन. मयुरी पाटावर येऊन बसली. चारुलतानं कुंकवाचं ताट घेतलं. वनामामानं इकडंतिकडं पाहून विचारलं, “पोरनी माय कथी शे?”

“ती मांगंच बरी,” इंदूअक्का म्हणाली. “काकू लावीन.”

मयुरीची आई कामिनी काही बोलणार होती, पण तिनं इंदूअक्काचा चेहरा पाहिला आणि ती थांबली. मग कुंकवाआधीच्या मानपानाला सुरुवात झाली. वनामामा टॉवेल-टोपी आणि नारळ घेऊन लीलाधरपुढं आला. “पहिला मान तुम्हना, भाऊ. पोरना बापनी जागावर तुम्ही शेतस. पोरकं घर संभाळं तुम्ही.” आणि त्यानं लीलाधरच्या डोक्यावर ती पांढरी टोपी ठेवली.

टोपीला काही वजन नसतं. पण लीलाधरला ती सहन झाली नाही. समोर चपलांजवळ कुंदाबाई बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं. दिराचा मान झाला म्हणून समाधान! लीलाधरनं टोपी काढून हातात घेतली.

“थांबा,” तो म्हणाला. “मले बोलायचं हाये. ललितचा हात माह्यामुळं मोडला. पूजेमुळं नई, वहिनीमुळं नई. नळीले भोक पाडून बोल्ट टाकायचा व्हता. दसऱ्याचं ड्रिल पाटावर व्हतं म्हणून मी ट्यूबची पट्टी लावली. ती निसटली. चूक माही हाये. कुकू वहिनीले लावू द्या.”

लीलाधरला वाटलं, आता थुंकतील. थुंकले असते तर बरं झालं असतं. पण वनामामाचे डोळे भरून आले. त्यानं लीलाधरला मिठीच मारली.

“देखा रे बठ्ठा जण! भावजाईना मान ऱ्हावाले हवा म्हणी मानूस बठ्ठं आपला आंगवर ली राहिना. असा देर कथा भेटस?”

बायका पदरानं डोळे टिपू लागल्या. इंदूअक्का अभिमानानं म्हणाली, “लहानपणापासून असाच हाये तो. दुसऱ्याचं ओढून घेईन.” म्हाताऱ्यांनी माना डोलवल्या. वनामामानं टोपी त्याच्या हातातून घेऊन पुन्हा त्याच्या डोक्यावर ठेवली आणि वरून खांद्यावर एक शाल टाकली. चारुलताच्या हातातलं ताट चारुलताच्याच हातात राहिलं.

“अहो, मी खरं सांगून ऱ्हायलो,” लीलाधर म्हणाला. पण तो जितकं सांगे तितका तो मोठा होत होता. खरं बोलूनही त्याला मानच मिळत होता आणि कुंदाबाई होती तिथंच, पिशव्या मांडीवर घेऊन. असली लाज त्यानं स्वप्नातही पाहिली नव्हती. पट्टी असती तर दाखवता आली असती.

तेव्हा कुंदाबाई उठली. पिशव्या तिनं बाजूला ठेवल्या. ती पुढं आली आणि तिनं शांतपणे विचारलं, “भाऊजी, ती पट्टी कोठे शे?”

“फेकली वहिनी.”

“कव्हय?”

“त्याच दिवशी. पुलावरून, नाल्यात.”

“लोके येवाना पहिले, का मांगून?”

“पहिले.”

डोळे टिपणारे पदर खाली आले. कुणाच्याही ध्यानात येईल अशी ती गोष्ट होती. दुसऱ्याची चूक अंगावर घेणारा माणूस लोक यायच्या आत पुलावरून काही फेकत नसतो.

“म्हंजे तुम्हले तव्हयच समजी गयथं,” कुंदाबाई म्हणाली. “ओटावर अक्का बोलन्यात, तव्हय माहीत व्हतं तुम्हले?”

“हो.”

“मी पोरले तेल लावाले हात नही लावा, त्या दिनबी?”

“हो वहिनी. मी तिथंच उभा व्हतो.”

एवढं विचारून ती थांबली. ती रडली नाही, ओरडली नाही, आणि त्याला एक वाईट शब्दही बोलली नाही. लीलाधर वाट पाहत उभा राहिला, पण ती त्याच्याकडे पाठ करून वळली. चारुलतानं न सांगता ताट पुढं केलं. इंदूअक्का कधी नव्हे ती जमिनीकडे पाहत होती. कुंदाबाईनं पदराला बोट पुसलं, करंड्यात घातलं आणि मयुरीच्या कपाळावर कुंकू लावलं. या खेपेला बोट थरथरलं नाही. मयुरीनं वाकून तिच्या पायांना हात लावला. मग कुंदाबाईनं ललितला जवळ ओढून त्याच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले, आणि इतक्या दिवसांचं राहिलेलं असावं तसे पुन्हा पुन्हा फिरवत राहिली.

त्या हातांतून मोकळा झाल्यावर ललित काकाकडे आला. सगळ्यांच्या मधे नव्हे, बाजूला येऊन, हळू आवाजात तो बोलला.

“काका, मी इचारलं व्हतं तुम्हाले. झालं सगळं, म्हणले तुम्ही.”

तो परत आईशेजारी जाऊन बसला. फोटोवाल्यानं सगळ्यांना जवळ जवळ सरकायला सांगितलं. लीलाधरनं शाल आणि टोपी काढून हातात घेतली होती. ती परत त्याच्या डोक्यावर ठेवायला आता कुणी उठलं नाही.